पहाटेतला ‘प’

आमच्या हैदराबादेतल्या मंडळाच्या दिवाळी पहाटेला काय झालं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. ज्यांना नव्हतं त्यांच्यापर्यंत सचिवांनी ते पोहोचवलंच आहे. माझी बाजू मात्र कुणी विचारली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गाणं माझंच होतं. शब्द मला शाळेत मराठी शिकवलेल्या बाईंचे, चाल माझी, वाद्यमेळ कृष्णानगरातल्या एका छोट्या स्टुडिओतल्या अरेंजरचा. दुसरं कडवं सुरू झालं आणि मागच्या रांगेतल्या एका पोराने माझ्याच गाण्यावर एका तेलुगू सिनेमाचं गाणं म्हणायला घेतलं. अगदी फिट्ट बसलं. मग त्याचे मित्रही सामील झाले. सिनेमाचं नाव सांगत नाही, सांगितलं की लोक ते ऐकायला जातात आणि माझं राहून जातं. हशा पिकला. गाणाऱ्या मुलीने गाणं सोडलं नाही, हे तिचे उपकार. नंतर चहाच्या वेळी सचिवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, “अहो, आधी सांगायचं तरी. रीमेक म्हणून घोषणा केली असती.”

कार्यक्रमाच्या चित्रफितीतून गाणं गाळलं. कारण काय, तर नसती भानगड नको.

अरेंजरला फोन केला, तर तो हसत म्हणाला, “साब, सब के गानों में येइच चार हैं. कायकू परेशान होरे?” आणि तो खोटं बोलत नव्हता. सी, जी, ए मायनर, एफ, हे ते चार कॉर्ड. पांढरी एक धरली तर सा-ग-प, प-नी-रे, ध-सा-ग, म-ध-सा. कुठल्याही भाषेतली शेकडो गाणी या चार घरांत नांदतात. ही कुणाच्या बापाची जहागीर नाही. हे सचिवांना कळत नाही, कारण ते स्वतःला शास्त्रीय संगीताचे जाणकार समजतात. ‘नाथ हा माझा’ यमनात आहे, ‘तोच चंद्रमा नभात’ही यमनात आहे. सुधीर फडक्यांनी भास्करबुवा बखल्यांची चोरी केली असं कुणी म्हणतं का? राग सगळ्यांचा. मग कॉर्ड तेवढे चोरीचे कसे?

पोरांनी एकावर दुसरं गाऊन दाखवलं, हाच म्हणे पुरावा. इंग्लिश गायक एड शीरनवरच्या खटल्यातही हाच पुरावा होता. ‘थिंकिंग आउट लाउड’ हे मार्व्हिन गेच्या १९७३ च्या ‘लेट्स गेट इट ऑन’वरून उचललं, असा दावा त्या जुन्या गाण्याच्या सहलेखकाच्या वारसांनी लावला होता. शीरनने एका मैफलीत ही दोन गाणी एकमेकांत मिसळून गायली होती, तिची चित्रफीत कोर्टात दाखवली. तो साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि हे कॉर्ड म्हणजे सगळ्यांची विटा-माती आहे हे वाजवून दाखवलं. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला. २ फेब्रुवारी २०२५ ला तो आपल्या रामोजी फिल्म सिटीत गाऊन गेला, तेव्हा सचिवांचे चिरंजीव तिथे होते. आठवडाभर त्यांच्या स्टेटसला दुसरं काही नव्हतं. तिथे टाळ्या, इथे रीमेक.

हे सगळं ऐकवायला मी बाईंकडे गेलो. अन्याय झाला रे, असं त्या म्हणतील या तयारीने गेलो होतो. त्यांनी फोन कानाशी धरून गाणं दोनदा ऐकलं. सचिवांबद्दल चकार शब्द नाही. एवढंच म्हणाल्या, “‘पहाट’मधला ‘प’ ऱ्हस्व आहे. तू दीर्घ केलास. माझं पादाकुलक आहे, सोळा मात्रांचं, त्यात कुठे अडलं तुझं?”

ऑटोत बसून घरी येईपर्यंत मी हे मनावर घेतलं नव्हतं. चाल लावताना एखादं अक्षर ओढलं जातंच. पण घरी येऊन ‘पहाट’ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या कडव्याची सरगम लिहून काढली आणि शेजारी त्या तेलुगू गाण्याची लिहिली. मुखडे सरळ वेगळे निघाले. कडव्याची पहिली ओळ मात्र ग, ग, रे, सा, रे. तिकडेही ग, ग, रे, सा, रे. आणि तिकडच्या पहिल्या ग-वर दीर्घ अक्षर आहे, म्हणून तो ग दोन मात्रांचा. माझ्या ‘प’ला दोन मात्रा कुठून मिळाल्या, ते तेव्हा कळलं. बाईंच्या कवितेत तसलं काहीच नव्हतं. वर्षभर शहरातल्या प्रत्येक ऑटोत ते गाणं वाजत होतं, मी गिटारवर तेच चार कॉर्ड छेडत गुणगुणत बसलो होतो, आणि ओळ आपसूक येऊन बसली. जॉर्ज हॅरिसनला ‘माय स्वीट लॉर्ड’च्या खटल्यात १९७६ मध्ये न्यायाधीशांनी हेच सांगितलं होतं, की नकळत झालेली नक्कलही नक्कलच. पाच स्वरांनी मी चोर ठरत नाही. तरी ते पाच स्वर माझे नव्हते. सचिवांना हे दिसलं नव्हतं, त्यांना फक्त हशा ऐकू आला होता, हेही नमूद करतो.

तर गाणी करणाऱ्यांसाठी. कॉर्ड खुशाल वापरा, त्यावरून कुणी ओरडलं तर ओरडू द्या. चाल मात्र कॉर्डवर बसून लावू नका. या चारपैकी तीन कॉर्डांत सा आहे, त्यामुळे गळा आळशीपणाने सा-ग भोवती घुटमळतो आणि वाईट काहीच लागत नाही. वाईट लागत नाही, म्हणून आपण तपासत नाही. गिटार भिंतीला टेकवून ठेवा, फक्त तानपुरा लावा, कवितेवर लघु-गुरूच्या खुणा करा आणि शब्द नुसते म्हणत राहा. ‘पहाट’ कुठे उचलतं ते ऐका. कॉर्ड मागाहून येऊ द्यात.

दुसरं, लोकांनी मागच्या रांगेतून करायच्या आत तो उद्योग आपणच करावा. आपल्या ट्रॅकवर त्याच कॉर्डांची पाच-सहा गाजलेली गाणी गाऊन बघा. ती बसतीलच, त्याने घाबरू नका. गाता गाता आपल्या चालीवर परत यायला जिथे अडखळाल, ती ओळ बदला.

अरेंजरने केरव्याच्या प्रत्येक आवर्तनाला एक कॉर्ड दिला होता, समेवर, सगळे देतात तसा. तो बदल मधल्या मात्रेवर आणला, किंवा सुरुवातच ए मायनरपासून केली, की ओळखीचा चेहरा बराच पुसला जातो. ट्रान्सपोजचं बटण दाबून पांढरी एकचं काळी तीन केल्याने काही पुसलं जात नाही. हा बटणाचा सल्ला मला स्टुडिओत मिळाला होता, आणि त्याचे वेगळे पैसे लागले होते.

तयार लूप घेतला असेल तर त्याचा परवाना वाचा. यूट्यूबची यंत्रणा बोट ठेवते ते बहुधा तयार रेकॉर्डिंगवर किंवा चालीवर, आणि तोच लूप दुसऱ्या कुणाच्या नोंदवलेल्या गाण्यात असेल तर दावा तुमच्यावर येतो. बाकी नेहमीचं. प्रत्येक खर्डा तारखेनिशी फोनवर ठेवा, अरेंजरशी लेखी करा, चांगल्या माणसांत राहा. शेवटचं आपल्या हातात नसतं.

यंदा सचिवांचा स्वतःहून फोन आला. म्हणाले, “गाणं द्या, पण ते चार कॉर्डवालं नको हं.” बरं म्हटलं. बाईंची दुसरी कविता घेतली, महिनाभर तानपुऱ्यावर म्हटली, मग खाली तेच चार ठेवले. ए मायनर, एफ, सी, जी. रंगीत तालमीला सचिवांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “आता कसं, काहीतरी वेगळं वाटतंय.”