दुधाचा कॅन आणि ओझोनचे पाणी

मराठी वाचकास तंजावर परिचित असते ते भोसले राजांमुळे आणि सरस्वती महालातील पोथ्यांमुळे. परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील खेड्यांत पहाटे दिसणारे दृश्य आपल्या गावांहून फारसे निराळे नाही. भाताच्या पेंढ्यावर पोसलेली गुरे, अंगणात काढलेली धार आणि संकलन केंद्राकडे निघालेला कॅन. या भागातील उंबळाचेरी जातीची गाय दुधाला बेताचीच. तिची ख्याती चिखलात राबणाऱ्या बैलांसाठी.

निरोगी कासेतून येणाऱ्या दुधात जीवाणू थोडेच असतात. ते वाढतात हातांमुळे, पाण्यामुळे आणि विशेषतः भांड्यामुळे. कॅनच्या गळ्याशी व सांध्यांत दुधाचा पातळ थर चिकटून राहतो आणि त्याच्या आश्रयाने जीवाणू वस्ती करतात. उष्ण हवेत त्यांची संख्या अर्ध्या तासास दुप्पट होते असे धरले, तर एक हजारांचे चार तासांत अडीच लाखांवर जातात! अशा दुधात मेथिलीन निळीचे द्रावण मिसळून ते कोमट ठेवले, की रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम. अर्ध्या तासातच उडाला तर निकृष्ट. दूध नाकारले गेले, म्हणजे त्या दिवसाच्या चाऱ्याचा खर्चही अंगावर पडतो.

येथे ओझोनचा विचार सुचतो. शोनबाइन या शास्त्रज्ञाने १८४० साली या वायूस नाव दिले. त्याच्या रेणूत प्राणवायूचे तीन अणू असतात व तिसरा अणू सुटून निघावयास उत्सुक असतो. तो जीवाणूच्या आवरणावर घाव घालतो आणि मागे उरतो केवळ प्राणवायू. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याचे पाणी याच वायूने शुद्ध होऊ लागले. मात्र साध्या तापमानाच्या पाण्यात ओझोन निम्मा होण्यास सुमारे वीस मिनिटेच लागतात. तो साठविता येत नाही; जागेवरच निर्माण करावा लागतो. शिवाय पाणी जितके ऊन, तितका तो कमी विरघळतो. तंजावरच्या उन्हाळ्यात ही अडचण लहान नव्हे.

विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा अभ्यास सहज करता येतो. दोन कॅन एकाच दुधाने मळवून, एक साध्या पाण्याने व दुसरा ओझोनयुक्त पाण्याने विसळावा. पाण्यात ओझोन आहे की नाही, हे पोटॅशियम आयोडाइड व पिष्ट यांच्या निळ्या रंगावरून कळते. मग आतील पृष्ठभाग निर्जंतुक कापसाने पुसून ते जीवाणू आगराच्या तबकडीवर वाढवावेत आणि वसाहती मोजाव्यात. नमुन्यात लगेच सोडियम थायोसल्फेट घालण्यास विसरू नये. अन्यथा उरलेला ओझोन तबकडीपर्यंत काम करीत राहतो आणि यश खऱ्याहून मोठे दिसते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, दुधाचा थर असलेल्या पोलादी पट्ट्यांवरील जीवाणू ओझोनच्या पाण्याने ९९ टक्क्यांहून अधिक घटले. क्लोरीनयुक्त द्रावणानेही तितकेच.

मग ओझोन थेट दुधातच का सोडू नये? हा प्रश्न प्रत्येक वर्गात निघतोच. उत्तर असे, की ओझोनला जीवाणू ओळखता येत नाही. दुधात त्याला प्रथम भेटतात मेदाचे कण व प्रथिने. त्याचे बळ तेथेच खर्ची पडते आणि मेद बिघडून दुधास खवट वास येतो. कुंभकोणमच्या कॉफीचा अभिमान बाळगणाऱ्यांना असे दूध कोण देणार? दुधासाठी ६३ अंशांवर तीस मिनिटांचे पाश्चरीकरणच खरे. ओझोनची जागा भांड्याच्या शेवटच्या विसळणीत. त्याआधी सोड्याच्या पाण्याने कॅन घासलेला हवाच, कारण चिकटलेल्या मळापुढे ओझोनही लवकर थकतो. झाकणाची रबरी कडी त्याने तडकते, आणि कोंदट खोलीत हा वायू फुप्फुसांस अपायकारक ठरतो.

माझ्या मते या प्रयोगात तिसरा कॅनही असावा: उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पालथा घातलेला. खेड्यातील गृहिणी वीज नसतानाही एवढे करू शकते. त्या कॅनच्या तबकडीवर किती वसाहती उगवतात, हे पाहूनच यंत्राची किंमत मोजावी.