युरोपांतील आगगाडीचा प्रवास : आंखणी व तिकिटें

उन्हाळ्याच्या सुट्टींत युरोप पाहून यावें असा बेत हल्लीं अनेक घरांत चालतो. असा प्रवास आयुष्यांत बहुधा एकदांच घडतो व त्यांत आईबापांची वर्षानुवर्षांची शिल्लक खर्ची पडते. म्हणून त्याची आंखणी कशी करावी, याचा विचार आम्ही येथें एका उदाहरणाच्या साह्यानें करणार आहों.

समजा, अॅमस्टरडॅम, पॅरिस, झुरिच, व्हेनिस व व्हिएन्ना हीं पांच शहरें पाहावयाचीं आहेत. प्रथम नकाशा पुढें घ्यावा आणि शहरें अशा क्रमानें लावावीं कीं, गेलेल्या वाटेनें परतावें लागूं नये. विमानानें अॅमस्टरडॅमला उतरावें व व्हिएन्नाहून स्वदेशीं निघावें, म्हणजे आगगाडीचे चारच टप्पे होतात. पहिल्या टप्प्यास सुमारें साडेतीन तास लागतात व दुसऱ्यास सुमारें चार. झुरिचहून मिलानमार्गें व्हेनिसला जातांना गाडी आल्प्स पर्वताच्या पोटांतून, २०१६ सालीं खुल्या झालेल्या ५७ किलोमीटर लांबीच्या गोटहार्ड बोगद्यांतून जाते. व्हेनिसहून व्हिएन्नास रात्रीची गाडी आहे. तींत निजण्याची जागा घेतली तर एका रात्रीचें मुक्कामाचें भाडें वांचतें.

आतां तिकिटांचा विचार करूं. आपल्या देशांत आरक्षण प्रवासापूर्वीं ६० दिवस खुलें होतें, आणि जागा नसल्यास प्रतीक्षायादींत नांव लागतें. तिकडे तशी यादीची चाल नाहीं. जलद गाड्यांचीं तिकिटें कित्येक महिने आधीं विक्रीस निघतात व मागणी वाढेल तसतसें भाडें चढत जातें. जो आधीं घेईल त्यास स्वस्त पडतें. परंतु स्वस्त तिकिटाचे पैसे बहुधा परत मिळत नाहींत.

दुसरा मार्ग पासाचा. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीं १९५९ सालापासून युरेल पास निघाला असून आज तो ३३ देशांत चालतो. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांस तो कमी दरानें मिळतो, आणि १२ वर्षांखालील दोन मुलांस एका प्रौढाबरोबर पासाचे पैसे पडत नाहींत. मात्र येथेंच पुष्कळजण फसतात. पास म्हणजे जागा नव्हे! आपल्या उदाहरणांत पॅरिसला येणाऱ्या व तेथून निघणाऱ्या दोन्ही गाड्यांत, तसेंच रात्रीच्या गाडींत, जागा निराळे पैसे देऊन राखावी लागते. आणि पासवाल्यांसाठीं अशा जागा मोजक्याच असतात. म्हणून कागदाच्या एका बाजूस चार तिकिटांची बेरीज मांडावी, दुसऱ्या बाजूस पास अधिक आरक्षणाचे पैसे मांडावे, आणि मगच निर्णय करावा.

तिकिटांपूर्वीं व्हिसाचा विचार अवश्य आहे. हे पांचही देश शेंगेन क्षेत्रांत असल्यामुळें एकच व्हिसा पुरतो. ज्या देशांत अधिक दिवस राहावयाचें त्याच्याकडे अर्ज करावा. दिवस सारखे असल्यास ज्या देशांत प्रथम प्रवेश होईल त्याच्याकडे. अर्ज प्रवासापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत व निदान १५ दिवस आधीं करावा लागतो, आणि ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आम्हीं एकदां स्वस्ताईच्या लोभानें परत न मिळणारीं तिकिटें आधीं घेतलीं. व्हिसा उशिरानें आला, व सबंध कुटुंबाचे पैसे बुडाले. दोष सर्वस्वीं आमचाच होता. तेव्हांपासून आम्ही अर्ज शक्य तितक्या लवकर करतों व व्हिसा हातीं आल्यावांचून असें तिकीट घेत नाहीं.

स्टेशनांचीं नांवेंहि नीट पाहावीं. पॅरिसला अॅमस्टरडॅमची गाडी गार द्यु नोर स्टेशनांत येते, पण झुरिचची गाडी गार द लिओं येथून सुटते. व्हेनिसला मेस्त्रे हें स्टेशन मुख्य भूमीवर आहे. कालव्यांचें शहर पाहावयाचें असल्यास पुढें सांता लुचिया येथें उतरावें. फलकावर व्हेनिसचें नांव ‘वेनेत्सिया’ व व्हिएन्नाचें ‘वीन’ असें असतें.

गाडी बदलण्यास पुरेसा वेळ ठेवावा. शक्य तेथें सबंध टप्प्याचें एकच तिकीट घ्यावें. निरनिराळीं तिकिटें असून पहिल्या गाडीच्या उशिरानें दुसरी चुकली, तर तोटा बहुधा आपलाच होतो. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें गाडीस एक तास किंवा अधिक उशीर झाल्यास भाड्याचा चौथा हिस्सा, व दोन तास किंवा अधिक झाल्यास निम्मा हिस्सा सामान्यतः मागतां येतो. यासाठीं तिकीट जपून ठेवावें.

असो. पालकांस आमची एक विनंती आहे. ही आंखणी मुलांवर सोपवून पाहावी. नकाशा वाचणें, वेळापत्रकाचा मेळ घालणें व दोन बेरजांची तुलना करणें हे भूगोल व गणिताचे उत्तम धडे आहेत. आणि अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण जन्मभर ध्यानीं राहील ती वेगळीच.