यूडेव्ह बदलल्यावर सुरू न होणारे लिनक्स

केरी, पेडणे



डिव्हाइस मॅनेजर बदलल्यानंतर लिनक्स सुरू होईनासे झाले, तरी डिस्कवरची माहिती सहसा जागच्या जागी असते. बिघाड बहुतेक वेळा एका फायलीत असतो आणि ती फाइल पुन्हा तयार करता येते. त्यामुळे ‘फॉरमॅट मारू आणि नवीन टाकू’ हा दुकानात सर्वांत आधी मिळणारा सल्ला अजिबात मानू नये. यंत्र कुठपर्यंत येऊन थांबले हे आधी नीट पाहावे. पुढची सगळी दुरुस्ती त्यावरूनच ठरते.

लिनक्समध्ये बहुतेक प्रत्येक उपकरण ‘/डेव्ह’ या डिरेक्टरीतल्या एका नोंदीच्या रूपाने दिसते. 2000 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतून आलेले वापरलेले संगणक लिनक्स घालून गोव्यातल्या शाळांना देण्यात आले. त्या काळच्या रेड हॅट लिनक्समध्ये या नोंदी डिस्कवर कायमच्या केलेल्या असत. उपकरण जोडलेले असो वा नसो, त्याचे नाव तिथे असायचेच. ही अडगळ टाळण्यासाठी रिचर्ड गूच यांची ‘डेव्हएफएस’ ही व्यवस्था 2000 साली कर्नलमध्ये आली, पण ती टिकली नाही. 2006 मध्ये ती काढून टाकण्यात आली. तोवर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 2003 मध्ये सुरू केलेला ‘यूडेव्ह’ हा डिव्हाइस मॅनेजर रुळला होता. 2012 मध्ये यूडेव्ह प्रणाली सुरू करून सेवा चालवणाऱ्या सिस्टमडी या प्रकल्पात विलीन झाला. सिस्टमडी नको असलेल्यांसाठी त्याच वर्षाच्या अखेरीस जेंटू या लिनक्स वितरणाच्या मंडळींनी ‘ईयूडेव्ह’ ही वेगळी शाखा काढली, आणि पुढे डेबियनमधून फुटलेल्या देवुआन या वितरणानेही ती स्वीकारली. बिझीबॉक्समधला ‘एमडेव्ह’ हा याहून खूपच लहान पर्याय. एकाच्या जागी दुसरा बसवण्याची हौस होते ती इथे, आणि यंत्र अडते तेही इथेच.

2009 च्या अखेरीस आलेल्या 2.6.32 या कर्नलपासून ‘डेव्हटीएमपीएफएस’ या सोयीमुळे उपकरणांची मूळ नावे कर्नल स्वतःच तयार करतो. मग डिव्हाइस मॅनेजरला काम उरते काय? बरेच उरते. उपकरण ओळखून त्याचे ड्रायव्हर मॉड्यूल चढवणे, डिस्कच्या यूयूआयडी या ओळखक्रमांकावरून तिच्याकडे नेणारे दुवे तयार करणे, कोणत्या गटाला ध्वनी किंवा कॅमेरा वापरता येईल हे ठरवणे, नेटवर्क कार्डाला नाव देणे आणि ही सगळी माहिती इतर प्रोग्रॅमना पुरवणे, ही त्याची कामे. यातली पहिली दोन होऊ शकली नाहीत तर यंत्र उठतच नाही. बाकीची अडली तर यंत्र उठते, पण कुठेतरी लंगडते. हा फरक ध्यानात ठेवला की निम्मे निदान झाले.

यंत्र सुरू होताना ग्रब हा बूटलोडर दोन गोष्टी मेमरीत आणतो: कर्नल आणि ‘इनिटरॅमएफएस’. ही दुसरी गोष्ट म्हणजे एका फायलीत बांधलेली छोटी, तात्पुरती प्रणाली. मूळ डिस्क शोधून माउंट करणे एवढेच तिचे काम, आणि त्यासाठी तिच्यात यूडेव्हची एक वेगळी प्रत असते. फेरीबोट बंद पडली की केरीच्या धक्क्यावर गाड्या अडतात. गाडीत दोष नसतो आणि पलीकडच्या तेरेखोलच्या काठालाही काही झालेले नसते. इनिटरॅमएफएस बिघडले की कर्नल आणि डिस्क यांची गत तशीच होते.

ते बिघडते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. डेबियन आणि देवुआनमध्ये यूडेव्हची प्रत इनिटरॅमएफएसमध्ये घालणारी स्क्रिप्ट यूडेव्हच्याच पॅकेजबरोबर येते. पॅकेज काढले की ती स्क्रिप्टही जाते. त्यानंतर इनिटरॅमएफएस नव्याने बांधले गेले तर ते यूडेव्हविनाच बांधले जाते. बांधणारा प्रोग्रॅम तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी काहीच चुकलेले नसते. चूक कळते ती पुढच्या बूटला. काळ्या पडद्यावर ‘अलर्ट! यूयूआयडी अमुक-अमुक डज नॉट एक्झिस्ट. ड्रॉपिंग टु अ शेल!’ असे उमटते आणि खाली कंसात इनिटरॅमएफएस लिहिलेला प्रॉम्प्ट लुकलुकत राहतो. ‘डिस्क नाही’ असे वाचून धीर सोडू नये. डिस्क आहे, तिचा ड्रायव्हर चढलेला नाही, एवढाच याचा अर्थ. पुष्कळदा यूएसबी कीबोर्डही इथे मुका असतो, कारण त्याचेही मॉड्यूल कुणी चढवलेले नसते. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड किंवा जुना गोल पिनांचा पीएस/2 कीबोर्ड अशा वेळी बहुधा चालतो.

सर्वांत सोपा उपाय ग्रबच्याच यादीत असतो आणि तोच पुष्कळदा विसरला जातो. सुरुवातीला शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी उघडावी, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जावे आणि जुना कर्नल निवडावा. पॅकेजांच्या उलथापालथीत इनिटरॅमएफएस सहसा सर्वांत नव्या कर्नलचेच बदलले जाते. जुन्या कर्नलच्या फायलीत जुना यूडेव्ह तसाच शाबूत असण्याची चांगली शक्यता असते. तसे असेल तर निदान काळ्या पडद्यावरचे लॉगिन मिळते. ग्राफिकल पडद्यावर माउस-कीबोर्ड चालला नाही तरी गोंधळू नये. एक्स सर्व्हरला इनपुटची साधने यूडेव्हकडूनच कळतात. काळ्या पडद्यावरून पुढची दुरुस्ती पूर्ण करता येते.

जुना कर्नल नसेल आणि कीबोर्ड चालत असेल, तर त्या प्रॉम्प्टवरच प्रयत्न करावा. ‘/डेव्ह’मध्ये डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर मॉडप्रोब या आज्ञेने साटा डिस्कसाठी एएचसीआय आणि एसडी-मॉड, किंवा नव्या यंत्रात एनव्हीएमई हे मॉड्यूल चढवावे. फाइल सिस्टिमचे मॉड्यूल, बहुधा ईएक्सटी4, तेही. मग ‘एक्झिट’ टाइप करावे. बूट जिथे थांबले होते तिथून पुन्हा प्रयत्न होतो.

एवढ्यानेही जमले नाही तर लाइव्ह पेनड्राइव्ह. त्यावरून यंत्र सुरू करून मूळ पार्टिशन ‘/एमएनटी’वर माउंट करावे. बूटचे पार्टिशन वेगळे असेल तर तेही त्याच्या जागी माउंट करावे, आणि इथे घाई नको. ते माउंट करायचे राहिले तर नवे इनिटरॅमएफएस एका रिकाम्या डिरेक्टरीत लिहिले जाते, ग्रब जुनीच फाइल वाचत राहतो आणि दुरुस्ती करूनही यंत्र तसेच अडते. यात तासन्‌तास जातात. त्यानंतर ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’ या चारही डिरेक्टऱ्या आत बाइंड कराव्यात आणि सीएचरूटने मूळ प्रणालीत शिरावे. डिस्कवर एलव्हीएम असेल तर ‘/रन’ वगळू नये. ती वगळल्यास यूडेव्हच्या उत्तराची वाट पाहत एलव्हीएमच्या आज्ञा अडकून बसतात.

आत गेल्यावर हात चालवण्याआधी पॅकेजे बसवणाऱ्या एपीटीची हिस्टरी लॉग फाइल वाचावी. कोणत्या तारखेला, कोणत्या आज्ञेने, काय काय निघून गेले हे तिच्यात लिहिलेले असते. यूडेव्ह काढताना त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेही बरोबर गेलेली असतात; नेटवर्क मॅनेजर गेला असेल तर इंटरनेट का नाही याचेही उत्तर तिथेच मिळते. आधी जुना, चालत असलेला डिव्हाइस मॅनेजरच परत बसवावा. नव्याचा हट्ट यंत्र उठल्यावर करता येतो. अर्धवट राहिलेली पॅकेजे डीपीकेजीच्या ‘कॉन्फिगर’ने पूर्ण करावीत. नेट नसेल तर एपीटीच्या कॅशमध्ये जुन्या पॅकेजची डेब फाइल उरली आहे का ते पाहावे. असेल तर तिच्यावरून थेट बसवता येते.

मग बूट पार्टिशनवर जागा आहे याची खात्री करावी, कारण भरलेल्या पार्टिशनवर नवे इनिटरॅमएफएस पूर्ण लिहिले जाऊ शकत नाही. जागा असल्यास ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ ही आज्ञा द्यावी. तयार फाइल ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने उघडून तिच्यात यूडेव्ह दिसतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ही खात्री केल्याशिवाय रीबूट करू नये. सिस्टमडी नसलेल्या प्रणालीत यूडेव्हची सुरुवातीची स्क्रिप्ट बूटच्या क्रमात लागली आहे ना, हेही तपासावे. जेंटूवर हे काम ‘आरसी-अपडेट’ने होते. त्यानंतर बाहेर येऊन सगळे अनमाउंट करावे.

यंत्र उठल्यावर उरतात त्या किरकोळ गोष्टी. नेटवर्क कार्डाचे नाव बदललेले असू शकते. जुने नाव लिहिलेली इंटरफेसेस फाइल तेवढी सुधारावी लागते. आवाज नसेल तर ‘/डेव्ह’मधल्या ध्वनीच्या नोंदींचा गट पाहावा.

पुन्हा बदल करायचा झाल्यास एपीटीला आधी नुसती तालीम करायला सांगावे. काय निघणार आहे ते कळते. दोन्ही डिव्हाइस मॅनेजरांच्या डेब फायली पेनड्राइव्हवर उतरवून ठेवाव्यात. पावसाळ्यात इथली वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर हे काम हाती घेऊच नये. फाइल लिहितानाच वीज गेली तर जे वाचवायचे तेच बिघडते. चालत असलेल्या इनिटरॅमएफएसची प्रत वेगळ्या नावाने बूटमध्येच ठेवावी. अडल्यास ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ते नाव देता येते. नव्या व्यवस्थेवर यंत्र काही वेळा नीट उठल्यानंतरच ती प्रत काढावी.

मामा