शाळा मंडळाचा गुणगौरव
अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचा कारभार बहुतांशी स्थानिक शाळा मंडळांकडे असतो. या परंपरेचे मूळ वसाहतकाळात आढळते. मॅसॅच्युसेट्समधील १६४७ च्या कायद्याने ५० कुटुंबे असलेल्या प्रत्येक गावावर शिक्षक नेमण्याचे बंधन घातले होते. आज देशात सुमारे १३,००० शालेय जिल्हे आहेत. मंडळाच्या खुल्या सभेत अनेक ठिकाणी प्रारंभीच गुणवंत विद्यार्थी व शिक्षक, इतकेच नव्हे तर स्वयंपाकघरातील कर्मचारी आणि बसचालक यांचाही गौरव केला जातो. परंतु शाळांचे अंदाजपत्रकही सामान्यतः याच मंडळापुढे येते. ज्यांचा सत्कार झाला त्यांच्या वेतनाचा व नोकरीचा प्रश्न तेच सदस्य हाताळतात. म्हणून प्रशस्तिपत्राचे मोल जोखताना अंदाजपत्रकाची पानेही उलटून पाहावीत, हे उत्तम.