मॉड्यूल आणि संकलक

1905 साली तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात ताडपत्रावरील एक पोथी आणून दिली. ती कौटिल्याच्या अर्थशास्त्राची होती. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी 1909 मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. 15 अधिकरणे, 150 अध्याय आणि 180 प्रकरणे असा या ग्रंथाचा विस्तार असून पहिल्याच अध्यायात सर्व प्रकरणांची नावे क्रमाने दिलेली आहेत. कोणता विषय कोठे आहे हे जाणण्यासाठी सबंध पोथी वाचावी लागत नाही.

याच शहराच्या हेब्बाळ भागात इन्फोसिस कंपनीचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र आहे. महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले अभियंते तेथे संगणकाच्या आज्ञावली लिहिण्यास शिकतात. आज्ञावली मोठी झाली की तिची विभागणी कशी करावी आणि एका विभागाला दुसऱ्याची किती ओळख असावी, हा प्रश्न अशा प्रत्येक अभियंत्यासमोर उभा राहतो.

माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्राला कळणाऱ्या आज्ञांमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनास संकलक, म्हणजेच कंपायलर म्हणतात. सी आणि तिच्यापासून निघालेली सी प्लस प्लस या भाषांत विभाग जोडण्याची जुनी रीत अशी : एका विभागात काय काय आहे त्याची घोषणा हेडर फाइलमध्ये करावयाची, आणि ज्याला तिची गरज असेल त्याने ‘इन्क्लूड’ असे लिहावयाचे. हा शब्द दिसताच त्या फाइलचा सारा मजकूर तेथे जसाच्या तसा उतरविला जातो. ही अनुक्रमणिका पाहणे नव्हे. प्रत्येक वाचकाने पोथीची नवी नक्कल करून मगच वाचावयास बसण्यासारखे हे आहे. पडद्यावर एक वाक्य उमटविणारी चार ओळींची आज्ञावलीसुद्धा संकलकापुढे हजारो ओळी होऊन येते. शंभर फाइलींनी तोच हेडर मागितला तर तेच काम शंभरदा होते.

वेळेचा अपव्यय हा त्यातील लहान दोष होय. मोठा दोष अर्थाचा आहे. हेडर फाइलमध्ये मॅक्रो असू शकतात. मॅक्रो म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर बसविण्याची सूचना. विंडोज प्रणालीच्या मुख्य हेडरमध्ये ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ हे असे मॅक्रो आहेत. सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीतही याच नावांची कार्ये आहेत. दोन्ही एकत्र आली की अगदी निर्दोष ओळीवर संकलक आक्षेप घेतो, आणि नवशिका बिचारा आपलीच चूक शोधत बसतो.

यावरचा उपाय नवा नाही. विभागाने आपल्या पोटातील निर्णय झाकून ठेवावेत, हे डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्येच मांडले होते. निक्लाउस विर्थ यांच्या मॉड्यूला-2 या भाषेत प्रत्येक मॉड्यूलचे दर्शनी आणि आंतरिक असे दोन भाग असत. सी प्लस प्लसमध्ये मात्र ही सोय येण्यास फार विलंब लागला. 2004 च्या सुमारास डेव्हीड व्हॅन्डेव्हूर्ड यांचा प्रस्ताव आला, 2018 मध्ये स्वतंत्र तांत्रिक विनिर्देश निघाला, आणि 2020 च्या प्रमाणात मॉड्यूल भाषेचे अंग बनले. जुन्या आज्ञावलींचा अफाट साठा न मोडता नवी रीत आणावयाची होती. त्यामुळे हा विलंब अगदीच अकारण म्हणता येणार नाही.

दरम्यानच्या काळात संकलकांनी ही सोय प्रायोगिक म्हणून दिली. मायक्रोसॉफ्टच्या संकलकात ती 2015 पासून एका खास पर्यायाने सुरू करता येत असे. जीसीसी या संकलकात ती 2021 च्या अकराव्या आवृत्तीत आली. तेथे 2020 चे प्रमाण मागितल्याने भागत नसे. ‘एफ-मॉड्यूल्स-टीएस’ हा पर्याय निराळा लिहावा लागे.

पर्याय लिहिणे हे क्षणाचे काम आहे. त्याने कामाची रीतच बदलते, हे मात्र पुष्कळांच्या उशिरा ध्यानात येते. समजा, ‘भूमिती’ नावाचे मॉड्यूल आहे. त्यात वर्तुळाचे क्षेत्रफळ काढणारे कार्य ‘एक्स्पोर्ट’ या शब्दाने बाहेरच्यांसाठी खुले केले आहे, आणि मुख्य फाइल ‘इम्पोर्ट’ म्हणून ते मागते. भूमितीची फाइल आधी संकलित केली की तिच्या दर्शनी भागाचा एक तयार सारांश ‘जीसीएम-कॅश’ या कप्प्यात साठविला जातो, आणि मुख्य फाइल तोच वाचते. मुख्य फाइल आधी संकलित करू गेल्यास संकलित मॉड्यूल वाचता आले नाही, अशी तक्रार येते. पूर्वी फाइली कोणत्याही क्रमाने, किंबहुना एकाच वेळी, संकलित करता येत. आता कोण कोणावर अवलंबून आहे हे आधी शोधावे लागते. फोरट्रान-90 मध्ये काम केलेल्या शास्त्रज्ञांना ही अडचण जुन्या ओळखीची वाटेल. हा क्रम आपोआप शोधण्याची व्यवस्था सीमेक या बांधणी-साधनात डिसेंबर 2023 च्या 3.28 आवृत्तीपासून पक्की झाली. तोवर हा पर्याय वापरणाऱ्याला क्रम बहुधा स्वतःच सांभाळावा लागे.

दुसरी गोष्ट साठविलेल्या त्या सारांशाची. तो इतरांना वाटण्याजोगा नसतो. संकलकाची आवृत्ती किंवा त्याचे महत्त्वाचे पर्याय बदलले की तो निरुपयोगी ठरतो व पुन्हा करावा लागतो. म्हणून आपल्याच कामातील एखाद्या स्वतंत्र भागात ही सोय चालवून पाहण्यास हरकत नाही. इतरांच्या हाती जाणाऱ्या लायब्ररीत मात्र तिच्यावर सर्वस्वी विसंबणे धाडसाचे ठरे, कारण घेणाऱ्याचा संकलक कोणता हे देणाऱ्याला ठाऊक नसते.

प्रायोगिक सोय चुकून सुरू होऊ नये यासाठी सीमेकने केलेली योजना मोठी मार्मिक आहे. 2023 च्या प्रमाणात सबंध प्रमाणित लायब्ररी एकाच ‘इम्पोर्ट’ने आणण्याची सोय झाली. 2024 मध्ये सीमेकच्या 3.30 आवृत्तीने तिला प्रायोगिक पाठिंबा दिला. ती सुरू करण्यासाठी नुसते ‘होय’ लिहून चालत नसे. अक्षरे व अंक यांची एक लांबलचक खूण जशीच्या तशी द्यावी लागे. ही खूण त्या त्या आवृत्तीच्या कागदपत्रांत दिलेली असे आणि पुढील आवृत्त्यांत ती बदलली जाई. जुनी खूण चालेनाशी झाली की वापरणाऱ्याला कागदपत्रे पुन्हा उघडावी लागत, आणि मधल्या काळात काय बदलले ते तेथेच वाचावयास मिळे.