पगार लागल्यावर पेन्शनचे काय?

पेण



दिव्यांग माणसाची पेन्शन आणि त्याची कमाई यांचे गणित महाराष्ट्रात एका आकड्यापाशी अडते: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50 हजार रुपये. संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून सुरू आहे. तहसील कचेरीत तिला नुसते ‘संजय गांधी’ म्हणतात. इतर निराधारांसाठी उत्पन्नाची मर्यादा 21 हजार आहे. दिव्यांगांसाठी ती 50 हजार केली गेली. अनुदान 2023 मध्ये महिना दीड हजार झाले आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना अडीच हजार. रक्कम वाढली, मर्यादा मात्र जागची हलली नाही. त्यामुळे पेन्शन जितकी मोठी होत गेली, तितकी कामावर जाण्याची भीतीही मोठी होत गेली.

हमरापूरच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात बसून हा हिशेब केला तर तो चटकन कळतो. समजा, एका पायाने अधू असलेला कारागीर तिथे आखणी करतो. साच्यातून मूर्ती काढणे, ती उचलून फळीवर नेणे त्याला जमत नाही. पण रंग सुकलेली मूर्ती पुढ्यात आली की बारीक ब्रशने बुबुळ, पापणी, भुवई न थरथरता उतरवणारा हात त्याचाच. आखणी हे कारखान्यातले सगळ्यात नाजूक काम, आणि ते बसूनच करायचे असते. रोज 400 रुपये धरले तर 125 दिवसांत 50 हजार होतात. वर्षाची 30 हजारांची पेन्शन मिळवली की घरात 80 हजार येतात. आषाढात काम अंगावर येते, शेठ आणखी दहा दिवस यायला सांगतो. 135 दिवसांचे 54 हजार होतात, मर्यादा ओलांडली जाते, पेन्शन बंद होते. दहा दिवस जास्त राबून घरात 26 हजार कमी येतात. पुन्हा 80 हजारांवर पोचायला 200 दिवस भरावे लागतात. मधल्या सगळ्या दिवसांची मेहनत तोट्याचीच.

यात त्याची एकट्याचीच कमाई धरली आहे. नियम कुटुंबाचे उत्पन्न पाहतो. बायको पापड लाटायला जात असेल तर तिची मजुरीही त्यात येते, आणि 125 दिवसांची मर्यादा आणखी अलीकडे सरकते. कमावत्या माणसाशी लग्न झालेल्या दिव्यांग बाईची पेन्शन नवऱ्याच्या पगारामुळे अडते. तिच्या स्वतःच्या हातात तेव्हा एक पैसाही नसेल, तरी नियमाला ते दिसत नाही.

खारेपाटातल्या बांधाला उघाडी असते, पाणी बेताबेताने सोडता येते. या नियमाला उघाडी नाही. ती ठेवता येते, हे इतर देशांनी दाखवले आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा विम्यातून अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्याला नऊ महिने काम करून पाहण्याची मुभा आहे. त्या काळात कमाई कितीही झाली तरी भत्ता थांबत नाही. तिथल्याच गरिबांसाठीच्या दुसऱ्या योजनेत सुरुवातीची थोडी रक्कम सोडून पुढे दोन डॉलर कमावले की भत्त्यातून एक डॉलर कापतात. कापतात, पण कमावणाऱ्याचे नुकसान होऊ देत नाहीत.

दूर कशाला, मर्यादा उंच ठेवता येते हे महाराष्ट्राने स्वतःच दाखवले आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. धडधाकट बाईसाठी अडीच लाख आणि ज्याला पावलोपावली रिक्षा करावी लागते त्याच्यासाठी 50 हजार, याचे समर्थन कसे करायचे? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान 25 टक्के जास्त असावे. मात्र तोच कायदा पेन्शनला उत्पन्नाची मर्यादा घालण्याचा अधिकारही सरकारला देतो. कमाई वाढली म्हणून कोणाचा पाय बरा होत नाही, कुबड्या झिजायच्या थांबत नाहीत. दिव्यांगपणाचा खर्च भरून देणे आणि गरिबाला आधार देणे ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच पेन्शनवर दोन्ही लादल्यामुळे हा गुंता झाला आहे.

ती वेगळी करता येतात, याचा दाखला रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतही सापडतो. कर्मचारी राज्य विमा योजनेखालच्या कामगाराची बोटे यंत्रात गेली, तर कमाईची क्षमता जितकी घटली तितक्या प्रमाणात त्याला कायमचा भत्ता मिळतो. पुढे तो पुन्हा कामावर गेला तरी हा भत्ता चालूच राहतो. जन्मतः हात अधू असलेला माणूस त्याच फाटकातून आत गेला तर त्याची पेन्शन बंद.

उत्पन्नाच्या या मर्यादेचा परिणाम उघड आहे. पेन्शन टिकावी म्हणून माणसे रोख मजुरी पत्करतात, हजेरीपटावर नाव लावू देत नाहीत. मग प्रॉव्हिडंट फंड नाही, विमा नाही, अपघात झाला तर कामावर होतो याचा पुरावा नाही. अडीच हजारांसाठी हे सगळे सोडणे महागात पडते. शिवाय उत्पन्न लपवून घेतलेली रक्कम परत मागितली जाण्याची धास्ती राहते ती वेगळीच.

म्हणून नोकरी चालून आली की दिव्यांग उमेदवाराने आधी वर्षाचा हिशेब कागदावर मांडावा. महिना 12 हजारांचे काम असेल तर वर्षाचे 1 लाख 44 हजार होतात. 50 ते 80 हजारांमधला तोट्याचा खड्डा केव्हाच मागे पडलेला असतो, आणि 30 हजारांसाठी असे काम नाकारू नये. धोका आहे तो अर्ध्या दिवसाच्या, हंगामी, पाच-सहा हजारांच्या कामात. तिथे दिवस मोजूनच हो म्हणावे. रेशनही ध्यानात ठेवावे: प्राधान्य कुटुंबाची मर्यादा ग्रामीण भागात 44 हजार, शहरी भागात 59 हजार आहे. पेण-रोह्याच्या नगरपरिषद हद्दीतला हिशेब आणि शेजारच्या ग्रामपंचायतीतला हिशेब त्यामुळे वेगळा येतो.

पेन्शन गेली म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र गेले, हा गावोगावचा समज खोटा आहे. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्याचे युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) पगार लागल्यावरही चालते. एसटीतली 75 टक्के सवलत राहते, व्यवसाय कर माफ असतो, सरकारी भरतीतल्या 4 टक्के आरक्षणाचा हक्क राहतो. राज्य विम्याच्या पगाराची मर्यादाही दिव्यांग कामगारासाठी 21 ऐवजी 25 हजार आहे. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात हेलपाटे घालून मिळवलेला कागद कामावर जाताना कपाटात टाकून देऊ नये.

सगळ्यात कठीण आहे ती परतीची वाट. ठेकेदाराचे काम आठ महिन्यांत संपले तर पेन्शन आपोआप सुरू होत नाही. नवा अर्ज, नवा उत्पन्नाचा दाखला, समितीची मंजुरी हे सगळे पुन्हा करावे लागते. दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो, म्हणजे हातात काम नसतानाही कागदावर माणूस कमावताच राहतो. म्हणून पहिल्या पगारापासून दर महिन्याला अडीच हजार बाजूला टाकावेत. जुन्या मंजुरीच्या आदेशाची प्रत, बँकेचे पासबुक आणि काम सुटल्याचे ठेकेदाराचे पत्र एका पिशवीत ठेवावे. हे पत्र शेवटच्या दिवशीच मागून घ्यावे. ठेका बदलला की सही करायला कोणी सापडत नाही.

तुझा मामा