ठरले आणि झाले : आगाऊ व्यवहारांचे शब्द

बंगळूर शहराच्या उत्तरेस येलहंका हे जुने ठाणे आहे. तेथील नाडप्रभू घराण्यातील पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये बंगळूर वसविले. १६३८ मध्ये आदिलशाही सैन्याने ते त्याच्या वंशजांकडून जिंकून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांचे पुत्र एकोजी तंजावरला स्थिरावल्यावर त्यांना दूरचे बंगळूर राखणे जड जाऊ लागले. इतिहासकार विल्क्स यांच्या वृत्तान्तानुसार, म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियार यांना ते तीन लाख रुपयांस विकण्याचे एकोजींनी ठरविले. मात्र व्यवहार पुरा होण्यापूर्वीच, जुलै १६८७ मध्ये, मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले आणि त्याच तीन लाखांना चिक्कदेवराजांच्या हवाली केले. किंमत तीच, खरेदीदारही तोच. विक्रेता मात्र बदलला. एकोजींचा सौदा ‘ठरला’ होता, ‘झाला’ नव्हता.

या दोन क्रियापदांमधील अंतर मराठीने अनेक शब्दांनी भरून काढले आहे. २००८ साली जवळच्या देवनहळ्ळी येथे विमानतळ सुरू झाल्यानंतर येलहंका परिसरात घरबांधणी वाढली. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून तेथे जाऊन घर घेणाऱ्या कुटुंबाला हे शब्द आजही उपयोगी पडतात. त्यांचा क्रम समजून घेतला, की आपला पैसा कोणत्या पायरीवर उभा आहे हे कळते.

बेत, बोली आणि इसार

पहिली पायरी ‘बेत’. तो मनात असतो व केव्हाही बदलता येतो. बेताला निश्चयाची जोड मिळाली, की त्याचा ‘संकल्प’ होतो. म्हणूनच वर्षभराच्या जमाखर्चाच्या आखणीला ‘अर्थसंकल्प’ हे नाव शोभते. दोन पक्षांनी तोंडी ठरविले, की ‘बोली’ होते. तीत दोघांचा शब्द गुंतलेला असतो. परंतु वाद झाल्यास काय ठरले होते, हे सिद्ध करणे कठीण जाते.

शब्द पक्का व्हावा म्हणून दिलेली रक्कम म्हणजे ‘इसार’. यालाच ‘विसार’ किंवा ‘बयाणा’ असेही म्हणतात. ‘बयाणा’च्या मुळाशी विक्री या अर्थाचा अरबी शब्द आहे. इसार हा किमतीचा भाग असला, तरी तो केवळ पहिला हप्ता नव्हे. तो सौद्याची खूण असतो. खरेदीदाराने माघार घेतल्यास इसार बुडेल, अशी अट अनेकदा घातलेली असते. म्हणून इसारपावतीवर मालमत्तेचे वर्णन, एकूण किंमत, मुदत आणि व्यवहार फिसकटल्यास पैसे परत मिळण्याची अट स्पष्ट लिहिलेली असावी. शेतमजुराने वा ऊसतोड कामगाराने घेतलेली ‘उचल’ हीही आगाऊ रक्कमच. परंतु ती पुढे करावयाच्या कामापोटी असते व कामातून फेडावी लागते. इसार आणि उचल यांत गल्लत करू नये.

करार, साठेखत आणि खरेदीखत

‘करार’ हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मूळ अर्थात स्थैर्याची छटा आहे. कन्नडमध्येही तो ‘करारु’ या रूपाने रुळला आहे. येलहंक्यात आगाऊ रकमेला ‘मुंगड’ व खरेदीखताला ‘क्रयपत्र’ म्हटलेले ऐकू येईल.

स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा जो करार, त्याला मराठीत ‘साठेखत’ किंवा ‘साटेखत’ म्हणतात. ‘साटे’ म्हणजे सौदा. ‘साटेलोटे’मध्ये तोच शब्द आहे. साठेखताने मालकी मिळते, हा समज चुकीचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत आपोआप हितसंबंध निर्माण होत नाही. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. तो दस्त म्हणजे ‘खरेदीखत’. साखरपुडा झाला म्हणजे लग्न झाले असे नव्हे, तसेच हे आहे.

तरीही साठेखत निरर्थक नाही. विक्रेता फिरला, तर करार प्रत्यक्ष पुरा करून मिळावा असा दावा त्याच्या आधारे करता येतो. ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत तो दाखल करावा लागतो. तारीखच लिहिलेली नसेल, तर नकार कळल्यापासून मुदत मोजली जाते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार, विकासकाला लेखी करार करून त्याची नोंदणी केल्याखेरीज घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नाही.

बँकेतील आगाऊ शब्द

बँकेचे कामकाजही अशाच शब्दांवर चालते. ‘मुदत ठेव’ हा ठरावीक काळानंतर रक्कम व्याजासह परत देण्याचा करार होय. ‘वचनचिठ्ठी’त कर्जदार फेडीचे लेखी वचन देतो. गृहकर्जाचे ‘मंजुरीपत्र’ हाती आले, म्हणजे रक्कम हाती आली असे नव्हे. मालमत्तेची कागदपत्रे तपासून आणि कर्जाचा करारनामा होऊन मगच ‘वाटप’ होते. मंजुरीच्या भरवशावर मोठा इसार देऊन बसलेल्या ग्राहकाचे, पुढे कागदपत्रांत दोष निघाल्यास, दुहेरी नुकसान होऊ शकते. इसार देण्यापूर्वीच विक्रेत्याच्या कागदपत्रांच्या प्रती शाखेत दाखविणे हिताचे. काउंटरवरील कर्मचाऱ्यानेही ‘मंजूर झाले’ एवढेच न सांगता ‘वाटप व्हायचे आहे’ हे आवर्जून सांगावे.

मराठीत ‘आगाऊ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : वेळेआधीचा आणि फाजील धीट. आगाऊ रक्कम देताना पहिला अर्थ ध्यानात ठेवावा आणि दुसरा टाळावा. कागदावर सही करण्यापूर्वी त्याच्या माथ्यावरील शब्द वाचावा. इसारपावती, साठेखत की खरेदीखत, हे तो शब्दच सांगतो. त्यावरूनच घर ‘ठरले’ आहे की ‘झाले’ आहे, हे कळते.